रानाची राखण: मोरणा खोऱ्यातल्या साडेसात एकरांचं प्रकरण

मी या प्रकरणात शिरले तेव्हा उचल घेऊन झाली होती. पाटण तालुक्यात, मोरगिरीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतल्या कुटुंबाने आपलं मालकीचं रान तोडायला दिलं होतं. व्यवहार २,१०,००० रुपयांचा ठरलेला, त्यातले ४०,००० दसऱ्याला हातात पडलेले. वाट वाळून ट्रक वर चढायला लागला की करवती लागणार होत्या. ही २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट.

आज ते रान उभं आहे. सांगलीतल्या ४१ जणांनी त्याच्या राखणीचे पैसे दिले आहेत. मी कराडला वनस्पतिशास्त्र शिकवते. झाडं मोजायला म्हणून मला बोलावलं होतं, पण पुढे कराराच्या प्रत्येक बैठकीत बसले. ‘आम्हालाही जंगल वाचवायला पैसे द्यायचेत, कसं करायचं?’ असं विचारणारे आता बरेच भेटतात. त्यांच्यासाठी हे सगळं, आमच्या चुकांसकट, मांडते आहे.

रान आणि सातबारा

गट एकूण ११ एकर २० गुंठ्यांचा. त्यातले ४ एकर नाचणी-वरीचे आणि गवताचे. उरलेले ७ एकर २० गुंठे, म्हणजे ३०० गुंठे, दाट रान. वर सडा (माथ्यावरचं कातळाचं पठार), खाली वाडी, मधल्या उतारावर हे रान. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, गेळा, दोन-चार जुने आंबे, खाली कारवी आणि सगळ्यांवर चढलेल्या शिकेकाईच्या वेली. मी पहिल्यांदा गेले त्या सकाळी शेकरूची तीन घरटी मोजली.

वर्षावन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अॅमेझॉन येतं. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो आणि पुढचे सात-आठ महिने कोरडे, त्यामुळे इथलं रान निमसदाहरित. पण त्याची किंमत कमी नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि ही दोन्ही जंगलं २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आली. या दोन राखीव जंगलांच्या मधल्या पट्ट्यात अशी मालकीची रानं तुकड्या-तुकड्यांनी पसरलेली आहेत. त्यांच्या भवितव्याचा निर्णय वन खात्याच्या कचेरीत होत नाही. तो कुणाच्या तरी ओसरीवर, लग्नाच्या नाहीतर दवाखान्याच्या खर्चापायी होतो.

कायदा आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ चा, आणि त्याच्या अनुसूचीतली झाडं मालकाच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. हिरडा, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ ही नावं त्या यादीत आहेत. ‘अंजन’ही आहे, पण तो कोरड्या मुलखातला वेगळा वृक्ष. आमच्या उतारावरची निळ्या फुलांची अंजनी त्या यादीत नाही, पिसाही नाही. या रानाचा अर्धा जीव या दोन झाडांत आहे.

सातबाऱ्यावर नावं चार. थोरले आप्पा गावात राहतात. मधले नाना वाशीच्या बाजारात माथाडी, आता निवृत्तीला आलेले. धाकटे वारले, त्यांच्या पत्नीचं नाव लागलेलं. आणि चौथं नाव बहिणीचं, आक्कांचं. त्या शिराळा तालुक्यात दिलेल्या. प्रत्येकाची आणेवारी चार आणे, म्हणजे चौथा हिस्सा. रान तोडायला देताना आक्कांना कुणी विचारलं नव्हतं. आज ना उद्या त्या हक्कसोड करतील, म्हणजे आपला हिस्सा भावांना सोडून देतील, असं भावांनी धरून चाललेलं होतं.

सांगलीची मंडळी

सांगलीतल्या एका डॉक्टरांनी आदल्या वर्षी दक्षिण अमेरिकेतल्या एका एकराचे पैसे ऑनलाइन भरले होते. घरी प्रमाणपत्रही आलं. या कल्पनेमागे चांगला इतिहास आहे. १९८७ मध्ये स्वीडनमधल्या एका शाळेतल्या मुलांनी पैसे जमवून कोस्टारिकातल्या मॉन्तेव्हेर्देचं जंगल विकत घ्यायला हातभार लावला. ‘मुलांचं चिरंतन वर्षावन’ म्हणून ओळखलं जाणारं ते जंगल आता वीस हजार हेक्टरांहून मोठं आहे. डॉक्टरांनी ही हकिकत मित्रांना सांगितली तेव्हा त्यांतल्या एकाने विचारलं, ‘मग आपल्या नदीच्या वरच्या रानाचं काय?’

सांगलीकराला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. मोरणेचं पाणी कोयनेत येतं, कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, आणि तेच पाणी पुढे आयर्विन पुलाखालून जातं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या पुलावर पातळी ५७ फुटांवर गेली होती. पहिल्याच बैठकीत मी हात जोडून सांगितलं की साडेसात एकर रान राखून सांगलीचा पूर थांबणार नाही, आणि असं सांगून कुणाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. दोघे-तिघे नाराज झाले. पण पैसे मागण्यासाठी खोटं कारण वापरलं की दोन वर्षांनी खऱ्या कारणावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

त्यांचा पहिला विचार जमीन विकत घेण्याचा होता. एक तर महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. गटात तासगावचे द्राक्षबागाईतदार होते, त्यांच्या नावावर घेता आली असती. माझा विरोध वेगळ्या कारणाने होता. आप्पांना विषय काढताच ते म्हणाले, “पवनचक्कीच्या टायमाला आमच्या पावण्यांनी सडा इकला. पैसं दोन वर्सांत सपलं. आता तितं गुरं न्यायची तरी इचारावं लागतं.” ज्या माणसाच्या घरापासून रान हाकेच्या अंतरावर आहे, त्याला त्यातून उठवून सांगलीत बसलेला माणूस ते कसं राखणार? वणवा लागला तर धावून जाणारा हात आप्पांचाच असणार.

कार्बनवाला

आमच्या आधी एक माणूस वाडीत येऊन गेला होता. कुठल्याशा कंपनीचा प्रतिनिधी. रानातल्या हवेचे पैसे मिळतील म्हणाला, सातबारा आणि आधारकार्डाच्या झेरॉक्स घेतल्या आणि तीस वर्षांच्या कराराचा इंग्रजी मसुदा ठेवून गेला. तो मसुदा मी वाचला. रक्कम कुठेच लिहिलेली नव्हती, ‘विक्रीनंतर ठरेल’ एवढंच होतं. तो माणूस पुन्हा आला नाही, पण तो कागद आप्पांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला होता. मला त्याचं फार वाईट वाटलं. ज्याने काही दिलं नाही त्याचाही कागद हा माणूस सांभाळत होता.

त्यामुळे कार्बन हा शब्द काढायला मी बिचकत होते. पण सांगलीची मंडळी तोच विचारत होती: एका गुंठ्यामागे किती टन?

जांभळाचं गणित

वाडीच्या वाटेवर, रानाच्या तोंडालाच एक जांभूळ आहे. जानेवारी २०२४ मध्ये आप्पांनी फितीचं एक टोक धरलं, मी छातीच्या उंचीवर घेर मोजला. १५७ सेंटिमीटर. म्हणजे व्यास ५० सेंटिमीटर. उंची साधारण १५ मीटर. व्यास, उंची आणि लाकडाची घनता यांवरून उष्णकटिबंधातल्या झाडांचं वजन काढायचं सूत्र आहे. त्यात घातलं तर जमिनीवरचं सुकं वजन सुमारे १,३२५ किलो येतं. त्यातला साधारण ४७ टक्के कार्बन, म्हणजे ६२० किलोंच्या आसपास. एक किलो कार्बन जळला की ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो (रेणुभारांचं गुणोत्तर ४४ भागिले १२). म्हणजे या एका जांभळाने सुमारे २.३ टन कार्बन डायऑक्साइड अडवून धरला आहे. एक लिटर डिझेल जळलं की २.७ किलोंच्या आसपास निघतो, म्हणजे साडेआठशे लिटर डिझेलएवढा.

हा आकडा ऐकून सांगलीच्या बैठकीत टाळ्या पडल्या. मी म्हटलं, थांबा, ही ठेव आहे, व्याज नाही. सांगलीत सहकारी बँका घरोघरी माहीत, त्यामुळे हे लगेच कळलं. ठेव म्हणजे झाडाने इतक्या वर्षांत साठवलेला कार्बन, व्याज म्हणजे दरवर्षी तो जेवढा वाढवेल तेवढा. दरवर्षी २.३ टन असं प्रमाणपत्रावर छापलं असतं तर ते खोटं ठरलं असतं.

आणि ठेवीचंही श्रेय तेव्हाच, जेव्हा ती खरोखर मोडली जाणार होती. ज्या रानाला कुणी हात लावणारच नव्हतं, ते ‘वाचवलं’ म्हणून कार्बनचा हिशोब मांडणं हा या धंद्यातला सगळ्यात मोठा रोग. वर्षावनांच्या कार्बन क्रेडिटवर (टाळलेल्या किंवा शोषलेल्या कार्बन डायऑक्साइडची बाजारात विकता येणारी पावती) २०२३ च्या जानेवारीत ब्रिटिश आणि जर्मन वृत्तपत्रांनी जी शोधमोहीम छापली, तिचाही रोख तिथेच होता. धोका फुगवून दाखवायचा आणि मग तो टाळल्याचे पैसे घ्यायचे. आमच्याकडे धोक्याचा पुरावा होता: ४०,००० ची उचल आणि ठेकेदाराची चिठ्ठी. ती चिठ्ठी नसती तर हे रान निवडू नका असंच मी सांगितलं असतं.

बाजारात विकायची क्रेडिट काढायची नाहीत असं ठरलं. नोंदणी, त्रयस्थ तपासणी, ठरावीक वर्षांनी पुन्हा मोजणी हा खर्च साडेसात एकरांना झेपत नाही. त्यासाठी शेकडो मालक एकत्र यावे लागतात. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर भागात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने मालकी रानांसाठी संवर्धन करार केले आहेत. मालकाने रान तोडायचं नाही, बदल्यात त्याला मोबदला. ती वाट आम्हाला जवळची वाटली.

आक्का

करारावर चौघांच्या सह्या हव्यात असं वकिलांनी सांगितलं तेव्हा आक्कांचा विषय निघाला. नाना म्हणाले, “तिचं काय, ती देईल की सही.” मी आणि डॉक्टरांच्या पत्नी शिराळ्याकडे त्यांच्या घरी गेलो.

आक्कांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. आमच्या पत्रकावर वर मोठ्या अक्षरात ‘एक गुंठा जंगल दत्तक घ्या’ असं होतं. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “दत्तक? रानाचं आईबाप मेल्यात का? आमी जिती हाय की.”

आम्ही दोघी गप्प. मग त्याच पुढे बोलल्या. त्या रानाच्या पायथ्याला झरा आहे, लहानपणी तिथून त्यांनी हंडे वाहिले. २०२१ च्या जुलैमध्ये आंबेघरला दरड आली तेव्हा माहेरच्या काळजीने त्या चार रात्री झोपल्या नव्हत्या. रान तोडायला दिलंय हे त्यांना आमच्याकडून कळत होतं. “सही देती. पर माझ्या वाट्याचं पैसं माझ्या खात्यावर. आन हक्कसोडीचा कागद परत माझ्यापुढं आणायचा न्हाय.”

दोन्ही अटी करारात आल्या. पत्रकावरचा ‘दत्तक’ शब्द गेला, ‘राखण’ आला. सांगलीकर आता राखणीचे भागीदार म्हणवतात. एका शब्दाने माणसाची जागा ठरते. दत्तक घेणारा मालक होतो, राखणीला पैसे देणारा मालकाच्या शेजारी उभा राहतो.

पैशांची मांडणी

ठेकेदार एकदम २,१०,००० देणार होता. दरवर्षी थोडे थोडे द्यायची आमची कल्पना नानांना पटेना, त्यांना घराचा स्लॅब टाकायचा होता. त्यात त्यांची काही चूक नव्हती. गरज एकरकमी असते, म्हणूनच ठेकेदार जिंकतो. म्हणून दर गुंठ्याला वर्षाचे २०० रुपये धरले, पण भागीदारांकडून तीन वर्षांचे ६०० एकदम घेतले. ३०० गुंठ्यांचे १,८०,००० जमले. त्यातले १,४४,००० पहिल्याच महिन्यात चार खात्यांवर, प्रत्येकी ३६,०००. उरलेले ३६,००० जाळरेषा (वणवा अडवायला साफ केलेली पट्टी) आणि राखणीसाठी, वर्षाला १२,०००. पैसे सांगलीतल्या एका नोंदणीकृत न्यासामार्फत दिले.

करार दहा वर्षांचा, दर तीन वर्षांनी पैसे नव्याने. साडेसात एकरांत करवत-कुऱ्हाड नाही. वाळलेलं जळण चुलीपुरतं, जांभळं, हिरडा, शिकेकाई, मध हे सगळं कुटुंबाचं. तोड झाली तर पुढचे पैसे बंद, दंड नाही. वकिलांना दंड हवा होता. मी अडून बसले, कारण दंडाची भीती घातलेला माणूस वणव्याची खबर लपवतो. हा करार माणसांना बांधतो, जमिनीला नाही. उद्या कुणी आपला हिस्सा विकला तर घेणाऱ्यावर तो आपोआप लागू होत नाही. ही कच्ची बाजू आहे आणि ती भागीदारांना लेखी कळवली.

चूक झाली ती उचलीत. ४०,००० एकट्या आप्पांनी घेतले होते, त्यामुळे परतफेड त्यांच्याच वाट्यातून असं बाकीच्यांनी ठरवलं आणि आम्ही मान डोलावली. आप्पांचे ३६,००० आले तसे ठेकेदाराकडे गेले, वर ४,००० त्यांनी पदरचे घातले. जो माणूस रोज रानात जातो, त्याच्याच हातात काही पडलं नाही. पहिल्या पावसाळ्यात ते आमच्याशी तुटक बोलायचे आणि ते बरोबर होतं. नंतर राखणीच्या पैशांतून त्यांना महिन्याला ५०० रुपये सुरू केले. उचल फेडणं हा प्रकल्पाचाच खर्च धरायला हवा होता. ही दुरुस्ती पुढच्या खेपेला नक्की.

शेजारचा उतार

फेब्रुवारी २०२४. जाळरेषा बघायला गेले तर करवतीचा आवाज. काळजात धस्स झालं. आमच्या रानात नव्हता तो, लगतच्या भाऊबंदांच्या तीन एकरांत होता. ठेकेदार तोच. त्याला कराडच्या भट्ट्यांना लाकूड पुरवायचं होतं, एक दार बंद झालं तर शेजारचं उघडलं. कार्बनच्या पुस्तकात याला गळती म्हणतात. मी ती वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून शिकवली आहे. ओल्या अंजनीच्या ओंडक्यांवर बसलेले ठेकेदाराचे मजूर भाकरी खाताना बघितले तेव्हा ती मला खऱ्या अर्थाने कळली.

त्या घरच्या कर्त्याला मी जाऊन भेटले. ते एवढंच म्हणाले, “आमाला कुणी इचारलं?”

निम्मं रान तोवर गेलं होतं. उरलेल्या दीड एकरासाठी त्या मार्चमध्ये सहा भागीदारांनी ३६,००० उभे केले, दर तोच. तोडलेल्या बुंध्यांना आता फुटवे आलेत, एकेका बुंध्याला सात-आठ. पण ही गळती आमच्या हिशोबात वजा बाजूला लिहिली आहे, आणि भागीदारांच्या पहिल्या वार्षिक पत्रात पहिला परिच्छेद तिच्यावरच होता. पत्र मिळाल्यावर एकाने पैसे परत मागितले. ते दिले.

वणवा

सड्यावरचं गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं असं आपल्या भागात सगळे मानतात, आणि माघ-फाल्गुनात रात्री डोंगरावर आगीच्या माळा दिसतात. राखलेल्या रानाची ठेव एका रात्रीत मोडायची ताकद त्यात आहे. म्हणून दर जानेवारीत वरच्या बांधाने चार मीटर रुंदीची पट्टी साफ करून घेतो. गवत कापायचं, पाचोळा ओढायचा आणि वारा पडलेला बघून सकाळच्या दवात पट्टी जाळायची.

मार्च २०२५ मध्ये आग सड्यावरून उतरली. आप्पा, वारलेल्या धाकट्या भावाची दोन्ही मुलं आणि वाडीतले नऊ जण निरगुडीच्या ओल्या फांद्या घेऊन रात्री दोनपर्यंत वर होते. जाळरेषेवर आग अडली, फक्त दक्षिणेच्या कोपऱ्यात घळीतून आत आली. वीसेक गुंठ्यांतली कारवी आणि रोपं गेली, मोठ्या झाडांची साल होरपळली. ते गुंठे ज्यांच्या वाट्याचे होते त्यांना फोटो पाठवले. तिघे सांगलीहून बघायला आले आणि घळीत दगडाचा ताल (बांध) घालायला दोन दिवस राहिले. हातातल्या प्रमाणपत्रापेक्षा त्या दोन दिवसांनी त्यांना हे रान जास्त आपलं झालं, हे मी डोळ्यांनी बघितलं.

आत्ता

जानेवारी २०२६ मध्ये आप्पांनी पुन्हा फितीचं टोक धरलं. जांभळाचा घेर १५९ सेंटिमीटर. दोन वर्षांत दोन सेंटिमीटर. उंची तीच धरली तर वाढलेला साठा सुमारे ५७ किलो कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे एकवीस लिटर डिझेलएवढा. साठलेला साडेआठशे लिटरांचा. तोडून नवं लावू म्हणणाऱ्यांना मी हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून दाखवते. तो घेर आप्पांनी त्यांच्या वहीत तारखेसकट लिहून घेतला. वही त्याच पत्र्याच्या पेटीत असते, ‘कार्बनवाल्या’च्या कागदाशेजारी.

पुढचा हप्ता जानेवारी २०२७ मध्ये. भागीदारांपैकी २७ जणांनी होकार कळवला आहे, बाकीच्यांना या उन्हाळ्यात रान दाखवायला आणायचं आहे. खरी काळजी वाशीची आहे. नानांच्या मुलाला कुणीतरी फार्महाऊसच्या प्लॉटचा भाव सांगितला आहे आणि तो वाटणी करून खातेफोड करायचं म्हणतो आहे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघतो आहे, सहावा ३१ जुलै २०२४ चा. ‘झोन’ लागायच्या आत विकून मोकळं व्हा, असं सांगणारे दलाल त्याच बोटाला धरून गावात शिरतात.

नव्या करारावर नानांच्या बरोबर त्यांच्या मुलाचीही सही घ्यायची, असं आक्कांनी आत्ताच सांगून ठेवलंय. त्याला मे महिन्यात वाडीवर घेऊन यायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं आहे. “जांभळं पिकल्यावर आणती,” म्हणाल्या, “लहानपणी त्याच झाडावरनं पडला हुता, त्येला याद असंल.”